घड्याळवाली सिरीयल

परवा ऑफिसात चहाच्या वेळी विषय निघाला की आपल्या टीव्हीवर एकही धड थ्रिलर टिकत का नाही. एकाने लगेच ठोकून दिलं, "आपल्या लोकांना सासू-सुनाच लागतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण संध्याकाळी मालाडहून कांदिवलीला येताना (म्हणजे पंचेचाळीस मिनिटं एकाच सिग्नलकडे बघत) ते वाक्य काही पटेना. कारण आमच्या घरी एक थ्रिलर अगदी नेमाने बघितली गेली होती. ती बघणारे होते माझे बाबा, आणि बाबांना सासू-सुनांत काडीचाही रस नाही.

मालिकेचं नाव '२४'. आमच्या घरी तिला हे नाव कधीच नव्हतं. आई तिला 'घड्याळवाली सिरीयल' म्हणायची.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ ऑक्टोबर २०१३ ला कलर्सवर सुरू झाली. शुक्रवार आणि शनिवार, रात्री दहा वाजता. हिरो अनिल कपूर, म्हणजे जय सिंग राठोड, दहशतवादविरोधी पथकाचा माणूस. पंतप्रधान होऊ घातलेल्या आदित्य सिंघानियाला (नील भूपालम) मारण्याचा कट आहे आणि तो हाणून पाडायला हातात फक्त एक दिवस आहे. त्या एका दिवसाचे चोवीस तास म्हणजे चोवीस भाग, एक भाग म्हणजे एक तास. जाहिराती लागल्या तरी गोष्टीतलं घड्याळ थांबत नाही. तुम्ही पाणी प्यायला उठलात तर तेवढ्यात तिकडे पाच मिनिटं उलटलेली असतात. पडद्याचे दोन-तीन तुकडे करून एकाच वेळी कोण कुठे आहे ते दाखवायचे, आणि मधेच तो आकड्यांचा टिक् टिक् आवाज. २१ डिसेंबर २०१३ ला चोवीस तास संपले. मग जवळजवळ अडीच वर्षांची शांतता. दुसरा सीझन २३ जुलै २०१६ ते ९ ऑक्टोबर २०१६, शनिवार-रविवार, या वेळी मुंबईवर जीवघेण्या विषाणूचं संकट. (तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. २०२० नंतर कोणी तसं म्हणेल असं वाटत नाही.) आणि मग खेळ खल्लास. एकूण अठ्ठेचाळीस भाग. तिसरा सीझन आजवर आलेला नाही.

मूळ कल्पना अर्थातच अमेरिकन. जोएल सर्नो आणि रॉबर्ट कॉक्रन या दोघांनी ती फॉक्स वाहिनीसाठी रचली, पहिला भाग ६ नोव्हेंबर २००१ ला लागला. म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. पहिल्याच भागात विमान उडवून देण्याचा प्रसंग होता, तो त्यामुळे कापून लहान करावा लागला. कट, दहशतवाद, आणि सेकंदासेकंदाला कमी होणारा वेळ, अमेरिकेच्या त्या वेळच्या मन:स्थितीला हे नेमकं लागू पडलं आणि मालिका आठ सीझन चालली. आठव्या सीझनमध्ये, २०१० साली, अनिल कपूरने त्यात ओमर हसन नावाच्या राष्ट्राध्यक्षाचं काम केलं. देशाचं नाव काय, तर कामिस्तान! असो. तिथे काम करता करताच त्याला ही मालिका इकडे आणायची हौस लागली. हक्क विकत घ्यायला शंभर कोटी मोजले असा आकडा तेव्हा छापून आला होता. चेंबूरच्या टिळकनगरात वाढलेला माणूस, पैसे कुठे घालायचे ते त्याला कळत असणार.

दिग्दर्शन केलं अभिनय देवने. रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा. जाहिरातींच्या धंद्यातून आलेला, 'डेल्ही बेली' नुकतीच गाजलेली. आईबाबांना ही माहिती मी दिली तेव्हा आईचा मालिकेबद्दलचा आदर एकदम वाढला. "सीमाचा मुलगा होय!" जणू काही शेजारच्या सोसायटीत राहतात. लिखाणात रेन्सिल डिसिल्वा आणि भवानी अय्यर. या मंडळींनी एक गोष्ट फार हुशारीने केली होती. मूळ मालिकेत ज्याच्या जिवावर उठलेले असतात तो माणूस अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल असा उमेदवार असतो. ते आपल्याकडे जसंच्या तसं आणून काय करणार? त्यांनी त्याच्या जागी राजकीय घराणं आणलं. तरुण वारस, आणि सगळी सूत्रं हातात ठेवून असलेली आई (अनिता राज). कट बाहेरून येतो तसा घराच्या आतूनही येतो. आता हे बघायला मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मग चालली का नाही?

समीक्षकांनी चांगलं लिहिलं, पैसा ओतलेला दिसत होता, चेहरे ओळखीचे होते, मंदिरा बेदी, टिस्का चोप्रा, पाहुण्या म्हणून शबाना आझमीसुद्धा. टीआरपीने मात्र म्हणावी तशी साथ दिली नाही. पुढच्याच वर्षी सोनीवर 'युद्ध' आली. खुद्द अमिताभ बच्चन, बिल्डरच्या भूमिकेत, त्याला एक असाध्य आजार आणि भोवती कोण आपला कोण परका कळू नये असा कट. सोबत सारिका, के के मेनन, नवाझुद्दीन सिद्दीकी. अनुराग कश्यप क्रिएटिव्ह डायरेक्टर. १४ जुलै २०१४ ला सुरू झाली आणि वीस भागांत, ऑगस्टमध्येच आटोपली. अमिताभला जे जमलं नाही ते दुसऱ्या कोणाला जमणार, असं म्हणून चॅनेलवाल्यांनी बहुतेक फाईल बंद केली असावी.

इथे तो ऑफिसातला 'आपले लोकच असे' सिद्धांत येतो. मला वाटतं भानगड लोकांची नाही, रचनेची आहे.

आपला टीव्ही कसा वाढला ते बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. रहस्यकथा तर आपल्याकडे पहिल्यापासून आवडीने बघितल्या गेल्या. १९८५ चा 'करमचंद', गाजर खात बसणारा. १९९३ चा 'ब्योमकेश बक्षी'. मराठीत 'एक शून्य शून्य', मुंबई पोलिसांच्या तपासांवरची, त्यातही शिवाजी साटम होते. ती करणारे बी. पी. सिंग, आणि त्यांनीच पुढे १९९८ मध्ये सोनीवर 'सीआयडी' आणली. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गुन्हा आज होतो आणि आज (फार तर पुढच्या भागात) सुटतो. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. तुम्ही चार महिने गावाला जाऊन आलात तरी प्रद्युम्न तिथेच हात फिरवत उभा असतो आणि दया दरवाजा तोडत असतो.

मग २००० च्या जुलैत 'क्यूंकि सास भी' आली, आठ वर्षांत अठराशेहून जास्त भाग. तिची गोष्ट रोज पुढे सरकते खरी, पण इतक्या हळू, आणि प्रत्येक गोष्ट इतक्या वेळा परत सांगून, की पंधरा दिवस चुकले तरी बिघडत नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर या दोन्ही प्रकारांत स्टेट सांभाळायची जबाबदारी बघणाऱ्यावर नसते. स्वयंपाक करता करता, फोनवर बोलता बोलता, पोळ्या लाटता लाटता बघता येतं. टीव्ही आपल्याकडे बघायची कमी आणि घरात चालू ठेवायची वस्तू जास्त आहे.

कटाची गोष्ट याच्या बरोब्बर उलट मागणी करते. तिसऱ्या भागात कोणी कोणाला फोन केला होता ते सतराव्या भागात आठवायला हवं, आणि मधे सात आठवडे गेलेले असतात. शिवाय गोष्ट संपणार हे पहिल्या दिवसापासून जाहीर. ज्या मालिकेला शेवट आहे ती चॅनेलच्या दृष्टीने तोट्याची. लोकांना सवय लागेस्तोवर ती आटोपते, आणि पुढच्या वेळी सगळी जाहिरात पुन्हा पहिल्यापासून.

त्यात वेळ कुठली मिळाली? शुक्रवार-शनिवार रात्री दहा. म्हणजे नेमकी 'सीआयडी'ची वेळ! आमच्या चारकोपच्या घरात एक टीव्ही, एक रिमोट, आणि चार माणसं. वर्षभरापूर्वीच, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले होते आणि केबलवाल्याने आणून दिलेला डबा टीव्हीवर ठेवायला जागा नाही म्हणून देवाच्या फळीखाली खिळा ठोकून बसवला होता. त्या डब्याला दोन चॅनेल एकदम दाखवता येत नव्हते. आजीला 'सीआयडी' हवी. बाबांना घड्याळवाली. शेवटी तोडगा निघाला: शुक्रवारी बाबा, शनिवारी आजी, आणि शनिवारचा भाग बाबा रविवारी दुपारी रिपीटला बघायचे. आता कटाची गोष्ट अशी एक दिवसाआड बघणं म्हणजे काय हाल होत असतील. पण बघितली. मी तेव्हा अकरावीत होतो, क्लास आटपून साडेनऊला घरी यायचो आणि बाबांच्या बाजूला ताट घेऊन बसायचो.

दुसऱ्या सीझनच्या वेळी मी इंजिनिअरिंगला होतो. तोवर टीआरपी मोजणारी यंत्रणाही बदलली होती. २०१५ मध्ये बार्क आलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून त्यांच्या आकड्यांत ग्रामीण भाग आला. शहरी, इंग्रजी मालिकांच्या वळणाची '२४' त्या तराजूत आणखीच हलकी पडली असणार, हा आपला माझा अंदाज. आणि जो प्रेक्षक तिचा हक्काचा, म्हणजे आमच्यासारखी पोरं? आमच्या वर्गात प्रत्येकाच्या हार्डडिस्कवर मूळ अमेरिकन मालिकेचे आठही सीझन होते (कुठून आले ते विचारू नका). कॅन्टीनमध्ये हिंदी '२४'ला नावं ठेवणारे सगळे, ती बघितलेला एकही नाही. मी बघतो हे मीही कोणाला सांगितलं नव्हतं :)

त्याच २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली, फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपली, पुढे तिचे आणखी दोन भाग आले. २०१७ मध्ये झी युवावर मुक्ता बर्वेची 'रुद्रम', तीही ठरवून मोजक्या भागांची. म्हणजे मराठीत, लहान बजेटवर, संपणारी गोष्ट सांगायची हिंमत करणारे होते. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज मला बाबांकडे जायचंय.

बाबा ही मालिका का बघत होते ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

११ जुलै २००६, मंगळवार. मी चौथीत होतो. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटं ते ६ वाजून ३५ मिनिटं, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. कोर्टाच्या कागदांत १८९ मृत्यू आणि आठशेहून जास्त जखमी. त्या यादीत कांदिवली नाही. आमच्या एका बाजूला जोगेश्वरी आहे आणि दुसऱ्या बाजूला बोरिवली. मोबाईल लागत नव्हते. आई गॅलरीत उभी आणि खाली रस्त्यावर प्रत्येक रिक्षा थांबली की ती वाकून बघायची, एवढं मला स्पष्ट आठवतं. बाबांची गाडी अंधेरीच्या पुढे उभी राहिली होती. ते रुळांतून उतरले आणि एस. व्ही. रोडने चालत, वाटेत लोकांनी दिलेलं पाणी-बिस्किटं खात, रात्री साडेअकराला घरी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची गाडी पकडून कामावर गेले. (मुंबईचं स्पिरीट वगैरे शब्द त्यांच्यासमोर काढू नका. कामावर न जाऊन सांगणार कोणाला?)

त्यांच्या गाडीच्या ग्रुपमधले एक काका होते. कंबरदुखीमुळे त्यांनी त्या महिन्यापासून फर्स्ट क्लासचा पास काढला होता. ते वाचले, पण एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. नंतर गणपतीत आमच्याकडे यायचे तेव्हा बाबा न चुकता त्यांच्या उजव्या बाजूला बसायचे.

तर २०१३. '२४'चा दुसरा की तिसरा भाग असेल. ब्रेक लागला, घड्याळ टिक् टिक् करत गेलं आणि बाबा टीव्हीकडेच बघत म्हणाले, "चोवीस तासांत? इथे सात वर्षं झाली, केस चालूच आहे."

तेव्हा मी हसलो होतो. मला वाटलं, विनोद केला.

आता तारखा जुळवून बघतो तेव्हा वेगळंच दिसतं. एटीएसने तपास केला, १३ जणांना पकडलं, नोव्हेंबर २००६ मध्ये मोक्काखाली आरोपपत्र दाखल झालं. मोक्काची खासियत अशी की त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालू शकतो, एरवीच्या कायद्यात तो चालत नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खटल्याला स्थगिती दिली, ती २०१० मध्ये उठली. मधल्या काळात मुंबईच्या क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनची माणसं पकडली आणि त्यांच्यातल्या एकाच्या जबाबातून हे स्फोट भलत्याच लोकांनी केल्याची गोष्ट पुढे आली. एकाच शहराचे पोलीस, एकच गुन्हा, दोन गोष्टी! '२४'मध्ये असं झालं असतं तर आपण लेखकाला शिव्या घातल्या असत्या. ३० सप्टेंबर २०१५ ला खास न्यायालयाने १२ जणांना शिक्षा सुनावल्या, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एकजण आधीच निर्दोष सुटला होता, नऊ वर्षं आत काढून.

निकाल आला त्या दिवशी ग्रुपमधल्या काकांचा फोन आला होता. बाबा फोनवर जास्त बोलले नाहीत. "झालं एकदाचं," एवढंच दोन-तीनदा म्हणाले. वर्षभराने दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा तोही बाबांनी बघितला, पण पहिल्यासारखा नाही. मधेच उठून जायचे.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. (त्यातला एक २०२१ मध्ये कोविडने तुरुंगातच गेला होता.) सहाशेहून जास्त पानांचा निकाल. ओळख परेडवर विश्वास ठेवता येत नाही, बॉम्ब नेमका कुठल्या प्रकारचा होता तेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही, आणि ते कबुलीजबाब ग्राह्य धरता येत नाहीत, कारण ते मिळवण्यासाठी छळ झाल्याचं आरोपींनी दाखवून दिलंय. लगेच सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही.

आता यात सिरीयलचा काय संबंध, असं कोणी विचारेल. माझ्या मते बराच आहे. अनिल कपूरशी नाही, त्या घड्याळाशी.

घड्याळ पडद्यावर आलं की आपण एक गोष्ट न विचारता मान्य करतो: वेळ नाही. आणि वेळ नाही हे एकदा मान्य केलं की नियम मोडणारा जय सिंग राठोड बरोबर वाटायला लागतो. समोरच्या माणसाला माहिती आहे हे आपल्याला माहिती असतं, कारण लेखकाने ते आपल्याला दाखवलेलं असतं. अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली. तिथल्या पालकांच्या एका संस्थेने मूळ मालिकेच्या पहिल्या पाच सीझनमध्ये छळाचे ६७ प्रसंग मोजले. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, स्वत: मालिकेच्या लोकांना भेटायला गेले. आमच्या कॅडेट्सना तुमच्यामुळे वाटायला लागलंय की हे चालतं, निदान एकदा तरी छळ करून चुकीची माहिती मिळाली असं दाखवा, अशी त्यांची मागणी होती. ही भेट कधीची? नोव्हेंबर २००६. त्याच महिन्यात इथे मुंबईत आरोपपत्र दाखल होत होतं.

'सीआयडी'तही हेच आहे की. शेवटी एक थप्पड बसते आणि माणूस सगळं घडाघडा सांगतो. आणि खरंच सांगतो! दीड हजारांहून जास्त भागांत थप्पड खाऊन कोणी खोटं कबूल केल्याचं मला तरी आठवत नाही. आजीची 'सीआयडी' आणि बाबांची '२४' यांत मी तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक मानत होतो. या बाबतीत दोघी एकाच चाळीतल्या.

एक आमच्या धंद्यातलं सांगतो. तुलना फार लहान आहे, कुठे माणसांचे जीव आणि कुठे आमची सर्व्हर, पण मला हे तिथेच कळलं. आधीच्या एका नोकरीत रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडलं. कॉलवर पंधरा जण, क्लायंट दर पाच मिनिटांनी 'ईटीए काय' विचारतोय, म्हणजे घड्याळ चालूच. संध्याकाळी एका ज्युनिअर मुलाने कोड टाकला होता. सगळे त्याच्यावर तुटून पडलो. "तू काय बदललंस? नक्की? परत बघ." मीही विचारणाऱ्यांत होतो. अर्ध्या तासाने तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "हो, माझ्यामुळेच झालं असेल, सॉरी." कॉलवर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कारण मिळालं! त्याचा कोड मागे घेतला. काही फरक पडला नाही. पहाटे साडेपाचला कळलं की एक सर्टिफिकेट एक्स्पायर झालं होतं, त्याच्या कोडचा काडीचा संबंध नव्हता. तीन तास आम्ही त्या कबुलीवर विसंबून दुसरीकडे बघितलंच नव्हतं. तो मुलगा पुढे दोन महिन्यांत सोडून गेला.

ते तीन तास मला '२४'मध्ये कुठेच दिसत नाहीत. घड्याळ चालू असताना माणूस पहिला हाताशी लागेल त्याला धरतो आणि त्यामुळे वेळ वाचत नाही, जातो. कधी तीन तास जातात. कधी एकोणीस वर्षं, आणि तेवढ्यात मूळ माग थंड झालेला असतो. उच्च न्यायालय म्हणतं ते खरं धरलं तर मग त्या गाड्यांत बॉम्ब ठेवले कोणी, या प्रश्नाला आज उत्तर नाही. त्या दिवशी मेलेल्या १८९ जणांच्या घरी नाही, आणि आयुष्यातली एकोणीस वर्षं आत घालवून आलेल्यांच्या घरीही नाही.

मला ही मालिका आवडली होती हे मी नाकारत नाही. अभिनय देवने ती कसून केली होती आणि तिच्यासाठी आपण शुक्रवारी-शनिवारी बसायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. पण 'इतकी चांगली मालिका लोकांनी पडू दिली' असा गळा काढताना मी आता जरा थबकतो. टीव्हीच्या रचनेत ती बसली नाही हे तर झालंच. शिवाय बाबांसारखे काही लोक असतीलच, ज्यांना पहिल्या ब्रेकलाच कळलं होतं की हे घड्याळ आपल्याकडचं नाही. तरी ते बघत राहिले.

जुलैतल्या त्या सोमवारी मी घरूनच काम करत होतो. बाबा आता रिटायर झालेत, दिवसभर बातम्या लावून बसतात. निकाल आला तेव्हा त्यांनी आवाज म्यूट केला आणि नुसत्या खालच्या पट्ट्या वाचत बसले. मी चहा नेऊन दिला. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला फोन करायला हवा." काका आता डोंबिवलीला मुलाकडे असतात, दुसऱ्या कानानेही कमी ऐकू येतं. बाबांनी फोन लावला आणि जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "सगळे सुटले! हो, सगळे! नाही, आपले नाही, ते आरोपी!" पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा थोडे थांबले. मग तितक्याच मोठ्याने म्हणाले, "माहीत नाही कोणी केलं. ते नाही सांगितलं."